विद्याधरांच्या राज्यातली उतरंड

राजगृहाबाहेर भगवान महावीरांची धर्मसभा आटोपली. देव, माणसे आणि विद्याधर आपापल्या वाटेला लागले. त्यांतला एक विद्याधर आकाशात झेपावला, थोडा वर गेला आणि धपकन खाली आला. पुन्हा झेपावला, पुन्हा आदळला. पंख मोडलेल्या पाखरासारखी त्याची ती तडफड राजा श्रेणिकाने पाहिली. चौकशी करता कळले ते असे की, आकाशगामिनी विद्येच्या मंत्रातले अक्षर हा गृहस्थ विसरला होता. श्रेणिकाचा मुलगा आणि मंत्री अभयकुमार याच्यापाशी एक वेगळीच शक्ती होती. एक पद कानावर पडले की बाकीची पदे त्याला उमगत. तो विद्याधरापाशी गेला आणि म्हणाला, गळलेले अक्षर मी भरून देतो, पण मग ती विद्या मलाही शिकवायची. सौदा ठरला. विद्याधराने आठवत होते तेवढे म्हणून दाखवले, अभयकुमाराने उणे अक्षर सांगितले, विद्याधर घरी गेला.

जैन टीकाकारांनी ही गोष्ट सांगितली ती विद्यार्थ्यांना धाक म्हणून. सूत्र म्हणताना अक्षर गाळू नये, एवढाच त्यांचा मतलब. पण गोष्टीच्या पोटात एका अख्ख्या समाजाची कल्पना आहे. या समाजात विद्या ही मिरवायची वस्तू राहत नाही. तिच्यावाचून माणूस जमिनीवर पडतो, अक्षरशः पडतो. जगभरच्या कल्पित साहित्यात जादूवर जगणाऱ्या जमाती पुष्कळ आहेत. पण जादू हीच ज्यांची पाठांतराची विद्या आहे, त्या विद्येवरूनच ज्यांच्यात जाती पडल्या आहेत, आणि गैरवागणुकीबद्दल ज्यांची विद्या काढून घेण्याचा लेखी कायदा आहे, अशी जमात भारतीय कथाकारांनी दीड-दोन हजार वर्षांपूर्वी तपशीलवार उभी केली. व्याख्यानमालेच्या या पुष्पाचा विषय ती जमात आणि तिच्यातली उतरंड हा आहे.

विद्याधर तसे फार जुने. भारहूतच्या स्तूपाच्या कठड्यावरील एका शिल्पाखाली ब्राह्मी अक्षरांत त्यांचे नाव कोरलेले आहे. ते कठडे आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत. भुवनेश्वरजवळच्या हाथीगुंफा लेखात कलिंगराज खारवेलाच्या कारकिर्दीची हकीकत देताना विद्याधरांच्या अधिवासाचा उल्लेख येतो. अमरसिंहाने आपल्या कोशात दहा देवयोनी मोजल्या, त्यांत पहिला मान विद्याधरांना दिला. अप्सरा, यक्ष, गंधर्व त्यांच्या मागून. मराठी माणसाची आणि त्यांची दृष्टभेट मात्र बहुधा लेण्यांत झालेली असते. घारापुरीच्या मोठ्या लेण्यात शिवाच्या भव्य पटांच्या वरच्या बाजूला गुडघे मागे दुमडून, हार घेऊन तरंगणाऱ्या ज्या आकृती दिसतात, ते हे लोक. वाटाडे त्यांना गंधर्व म्हणतात आणि पुढे सरकतात.

या लोकांची हकीकत दोन परंपरांनी जपली. संस्कृत परंपरेत ते अर्धे देव आहेत. हिमालयात राहतात, प्रेमात पडतात, शाप देतात आणि घेतात. जैन परंपरेत ते माणसेच आहेत. जन्मतात, म्हातारे होतात, मरतात, दीक्षा घेतली तर मोक्षालाही जातात. फरक एवढाच की त्यांच्यापाशी विद्या आहेत. हा फरक लहान दिसतो, पण त्याने सगळे बदलते. देवांच्या समाजाला व्यवस्था नसली तरी चालते. माणसांच्या समाजाला कायदा लागतो, शाळा लागते, सीमा लागतात. म्हणून विद्याधरांचा समाज पाहायचा तर जैन ग्रंथांकडेच जावे लागते. त्यांतले दोन जुने आणि महत्त्वाचे ग्रंथ, विमलसूरीचे ‘पउमचरिय’ आणि संघदासगणींची ‘वसुदेवहिंडी’, जैन महाराष्ट्रीत आहेत. मराठीच्या या थोरल्या घरातल्या भाषेत विद्याधरांचे सारे दप्तर लिहिले गेले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानात नसते.

त्या दप्तराची सुरुवात वारसाहक्काच्या भांडणाने होते. पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांनी राज्य मुलांत वाटले आणि संन्यास घेतला. नमी आणि विनमी हे दोघे त्या वेळी बाहेरगावी होते. परत येऊन पाहतात तो वाटणी उरकलेली. ते सरळ ध्यानस्थ ऋषभदेवांपुढे जाऊन उभे राहिले आणि आमचा वाटा द्या म्हणू लागले. ज्याने अंगावरचे वस्त्रही ठेवले नाही त्याच्याकडे हे राज्य मागतात! शेवटी नागराज धरणेंद्र पुढे आला. राज्य आता उरलेले नव्हते, म्हणून त्याने त्यांना विद्या दिल्या. हेमचंद्राने त्यांची संख्या 48,000 सांगितली आहे. शिवाय राहायला वैताढ्य पर्वत दिला. हा चांदीचा पर्वत 25 योजने उंच आणि 50 योजने रुंद. त्याच्या 10 योजने उंचीवर दोन्ही अंगांना एकेक पट्टा. दक्षिण पट्ट्यात नमीने 50 नगरे वसवली, उत्तर पट्ट्यात विनमीने 60. दक्षिणेची राजधानी रथनूपुरचक्रवाल, उत्तरेची गगनवल्लभ. जमिनीच्या बदल्यात विद्या मिळालेली ही मंडळी आहेत, हे विसरू नये. पुढे त्यांच्यात जे जे घडले, ते जमीनदारीतही घडतेच.

धरणेंद्राने विद्या देताना अटी घातल्या, हा या सगळ्या कल्पनेतला सर्वांत विलक्षण भाग. जिनांचा किंवा त्यांच्या मंदिरांचा अपमान करील, ध्यानस्थ साधूला त्रास देईल, जोडप्याला मारील, नको म्हणणाऱ्या स्त्रीवर बळजबरी करील, त्याला त्याच्या विद्या तत्काळ सोडून जातील. हेमचंद्र सांगतो की हा नियम रत्नांच्या भिंतीवर कोरून ठेवला होता. म्हणजे तोंडी संकेत नव्हे. येता-जाता प्रत्येकाला वाचता येईल असा फलक. रावण सीतेला पळवून नेतो पण तिच्या इच्छेविरुद्ध तिला हात लावत नाही, याचे कारण रामायणाच्या वेगवेगळ्या परंपरांनी वेगवेगळे दिले आहे. विमलसूरीचा रावण विद्याधर आहे आणि त्याने तसे व्रत घेतलेले आहे. पण भिंतीवरचा मजकूर माहीत असलेल्या वाचकाला त्या व्रतामागचा हिशेबही दिसतो.

नियम मोडला तर काय होते याचेही उदाहरण वसुदेवहिंडीत आहे. विद्युद्दंष्ट्र नावाच्या विद्याधरराजाने संजयंत नावाच्या ध्यानस्थ मुनीला उचलून आणले आणि इतर विद्याधरांकरवी ठार मारवले. धरणेंद्र धावत आला आणि त्याने सगळ्यांच्या विद्या काढून घेतल्या. गयावया झाल्यावर तो थोडा नरमला, पण नियम कडक करून गेला. यापुढे विद्या आपसूक मिळणार नाही, साधना करूनच मिळवावी लागेल. विद्युद्दंष्ट्राच्या वंशातल्या पुरुषांना महाविद्या मिळणार नाहीत आणि स्त्रियांना मिळाल्या तरी मोठ्या कष्टाने मिळतील. कित्येक पिढ्यांनंतर त्या वंशातली बालचंद्रा विद्या साधत असताना नागपाशात जखडून पडते आणि कृष्णाचा बाप वसुदेव तिची सुटका करतो, ती याच शिक्षेची पुढची कडी. पूर्वजाच्या गुन्ह्याची फी नातीपणतींकडून वसूल केलेली आहे. हे न्याय्य आहे का, असा प्रश्न संघदासगणी विचारत नाहीत. या व्याख्यात्याला तो पडतो.

तर शिक्षणाची पद्धत अशी. धवला टीकेत वीरसेनाचार्यांनी नवव्या शतकाच्या आरंभी विद्यांचे तीन प्रकार सांगितले. आईकडून येते ती जातिविद्या, वडिलांकडून येते ती कुलविद्या आणि स्वतः उपास-तापास करून मिळवली ती तपोविद्या. दोन वारशाच्या, एक कमाईची. (मुडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतके बंद असलेली ही टीका छापून बाहेर आली ती अमरावतीहून. तिथल्या कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी 1939 मध्ये तिचा पहिला भाग काढला.) आईच्या बाजूचा वारसा वेगळा मोजणारी ही व्यवस्था आहे. विद्याधर मुली कथांमध्ये नायकाला उचलून आकाशमार्गे नेतात, त्याला विद्या देतात, प्रज्ञप्ती विद्येला बोलावून दूरची खबर काढतात, भावाविरुद्ध उभ्या राहतात. मानसवेगाने नायकाची प्रिया पळवली तेव्हा नायकाच्या मदतीला आली ती मानसवेगाचीच बहीण वेगवती. ही धिटाई त्यांना कोणी बहाल केलेली नाही. त्यांच्या विद्या त्यांच्या नावावर आहेत.

तपोविद्येची परीक्षा कशी असते हे पउमचरियात रावणाच्या निमित्ताने दिसते. रावण आणि त्याचे दोन्ही भाऊ भीमारण्यात साधनेला बसतात. जंबुद्वीपाचा रखवालदार यक्ष आपल्या परिवारासह येऊन त्यांना उठवायचा प्रयत्न करतो. आधी सुंदर स्त्रिया, मग साप आणि वाघ, मग मायेने रचलेला देखावा: आईबापांना बांधून आणले आहे, ते हंबरडा फोडताहेत, मुलगे जागचे हलत नाहीत. रावणाचे मन तसूभर ढळत नाही आणि त्याला विद्यांची मोठी फौज लाभते. भानुकर्णाला, म्हणजे आपल्या कुंभकर्णाला, 5 आणि बिभीषणाला 4. निकाल गुणवत्तेनुसार लागला, यात वाद नाही. पण ज्याला सर्वांत जास्त गुण मिळाले तोच पुढे बुडाला आणि ज्याला सर्वांत कमी तो तरला. विमलसूरी यावर भाष्य करीत नाही. आकडे तेवढे देतो.

त्याच ग्रंथात शंबूकही आहे, आणि तो वाचकाला चमकवतो. रूढ रामायणातला शंबूक शूद्र म्हणून तप करण्याचा अनधिकारी ठरतो आणि रामाच्या हातून मरतो. इथला शंबूक राजघराण्यातला विद्याधर आहे, रावणाच्या बहिणीचा मुलगा. सूर्यहास नावाच्या खड्गासाठी तो 12 वर्षे वेळूच्या बनात बसलेला आहे. खड्ग सिद्ध होते, आणि तो हात घालणार त्याआधी लक्ष्मण तिथे भटकत येतो, खड्ग उचलतो, धार पाहायला वेळूवर चालवतो. वेळूबरोबर आतल्या शंबूकाचे मस्तक तुटते. तपाचा अधिकार कोणाला, हा प्रश्न विमलसूरीने अशा रीतीने गोष्टीतून उपटून टाकला. राहिला तो केवळ अपघात. जाणूनबुजून केले की आपोआप झाले, सांगता येत नाही. पण दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचल्या की अंगावर काटा येतो.

मग अधिकाराचा प्रश्न विद्याधरांत नव्हताच का? होता, आणि तो कुठे होता हे जिनसेनाच्या ‘हरिवंशपुराणा’त अगदी जवळून पाहता येते. शक 705 मध्ये, म्हणजे इ. स. 783 मध्ये हा ग्रंथ पुरा झाला. त्याच्या सव्विसाव्या सर्गात वसुदेव आपल्या मदनवेगा या विद्याधर पत्नीबरोबर सिद्धकूट पर्वतावरच्या जिनालयात जातो. पूजा झाल्यावर विद्याधर आपापल्या जागी बसले आहेत. जागा ठरलेल्या आहेत: एकेका विद्येच्या नावाचा खांब आणि त्या विद्येचे लोक त्या खांबाला टेकून. मदनवेगा नवऱ्याला एकेक गट ओळखून दाखवते. हातात कमळे घेतलेले ते गौरी विद्येचे. तांबड्या माळा आणि तांबडी वस्त्रे ल्यालेले ते गांधार. हातात औषधी वनस्पती आहेत ते मूलवीर्य. असे 8 गट झाल्यावर ती म्हणते, हे आर्य विद्याधर झाले, आता मातंग विद्याधर पाहा. मग तिकडचे 8 गट: मेघासारखे काळेसावळे आणि निळी वस्त्रे नेसलेले मातंग, हाडांचे दागिने घालून राख फासलेले स्मशाननिलय, काळी हरिणाजिने पांघरलेले कालश्वपाकी, वेळूच्या पानांनी नटलेले वंशालय, आणि आणखी काही.

नावे नीट पाहावीत. मातंग आणि श्वपाक ही जमिनीवरच्या समाजात गावकुसाबाहेर ठेवलेल्या जातींची नावे. ती इथे मंदिराच्या आत, खांबाला टेकून बसली आहेत. आर्य आणि मातंग हा भेद कायम आहे, बसण्याच्या जागा ठरलेल्या आहेत, पेहराव ठरलेले आहेत. एकाच छताखाली सारे आहेत, पण सरमिसळ नाही. जिनसेनाच्या कल्पनेने जातींना आकाशात उचलून नेले आणि तिथेही रांगेत बसवले. मात्र एक गोष्ट बदलली. जमिनीवर ज्याला विद्येचा अधिकार नाही, त्याचे नावच इथे एका विद्येवरून पडले आहे. मातंगी विद्या आहे म्हणून मातंग. या व्याख्यात्याच्या मते सगळ्या विद्याधरसाहित्यात याहून धाडसी कल्पना नाही, आणि याहून अर्धवट सोडलेलीही नाही.

वसुदेवहिंडीत तिला तोंड फुटते. तिथे वसुदेवाला नृत्य करणारी एक सावळी मातंग तरुणी दिसते, नीलयशा तिचे नाव. मन जडते. पण पुढे एक म्हातारी मातंगीण येऊन तिला पदरात घे म्हणते, तेव्हा हा मागे सरतो. लग्न आपल्या वर्णात करावे, परक्यात करू नये, असे सांगू लागतो. म्हातारी चिडत नाही, रडतही नाही. ती इतिहास सांगायला बसते. ऋषभदेवांपासून सुरुवात करते. त्यांचा जन्म, राज्य, संन्यास, नमी-विनमींचे मागणे, धरणेंद्राचे देणे, दोन पट्टे, 110 नगरे, विद्यांवरून पडलेले 16 निकाय, म्हणजे गट, आणि त्या निकायांतला एक आमचा. जैन परंपरेतल्या ऋषभचरित्राच्या अगदी जुन्या कथनांपैकी हे एक, आणि संघदासगणींनी ते एका मातंग म्हातारीच्या तोंडी घातले आहे. तीर्थंकरांचे चरित्र सांगायला त्यांना मुनी मिळाला नसता असे नाही. त्यांनी म्हातारी निवडली. अर्थात शेवटी ती खरी मातंग नसून विद्याधर निघते, आणि वसुदेवाची अडचण आयतीच सुटते. कथाकाराने प्रश्न काढला आणि पळवाटही ठेवली.

पळवाट नसलेली गोष्ट पाहायची तर पुन्हा राजगृहात यावे लागते, त्याच श्रेणिक-अभयकुमारांच्या दरबारात. राजाच्या बागेतले आंबे बिनमोसमात चोरीला जाऊ लागले. चोर होता गावातला एक मातंग. त्याच्या गरोदर बायकोला आंब्याचे डोहाळे लागले होते. फांदी खाली वाकवणारी आणि पुन्हा वर नेणारी, अशा दोन विद्या त्याला येत होत्या. कुंपणाबाहेर उभे राहून तो फळे तोडी. अभयकुमाराने त्याला पकडले. शिक्षा करण्याआधी त्याच्याकडून विद्या तर घ्या, असे त्यानेच राजाला सुचवले. श्रेणिक सिंहासनावर बसून शिकू लागला, मातंग समोर खाली उभा राहून शिकवू लागला. विद्या काही केल्या डोक्यात शिरेना. राजा चोरावरच डाफरला, तू नीट सांगत नाहीस. अभयकुमार म्हणाला, तो नीट सांगतो आहे. बसण्याची जागा चुकते आहे. मातंगाला वर बसवले, राजा खाली बसला, आणि विद्या आली.

बौद्धांच्या अंबजातकात हीच शिक्षा दुसऱ्या बाजूने होते. एक ब्राह्मण तरुण चांडाळ गुरूची सेवा करून बिनमोसमी आंबे आणण्याचा मंत्र मिळवतो. गुरूचे नाव लपवलेस तर मंत्र जाईल, असे त्याला बजावलेले असते. राजाने विचारताच लाजेखातर तो तक्षशिलेच्या नामांकित आचार्याचे नाव सांगतो. त्याच क्षणी मंत्र संपला. आजच्या भाषेत याला बायोडेटातली लबाडी म्हणतील.

संस्कृत परंपरेकडे वळले की हवा बदलते. अकराव्या शतकात काश्मीरच्या अनंत राजाची राणी सूर्यमती हिच्या मनोरंजनासाठी सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला: 18 लंबक, 124 तरंग, 20,000 हून अधिक श्लोक. मुंबईच्या निर्णयसागरने 1889 मध्ये पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली तो छापला आणि दुर्गा भागवतांनी तो मराठीत आणला. त्याचा मुख्य धागा, उपकथांच्या गुंत्यात हरवला तरी, साधा आहे. कौशांबीच्या उदयन राजाचा मुलगा नरवाहनदत्त हा माणूस असून विद्याधरांचा चक्रवर्ती होतो. इथे उतरंड निकायांची नाही. उडणारे आणि चालणारे यांची आहे. जैन ग्रंथांतला रावणही रामाला तुच्छतेने भूमिगोचर म्हणतो, म्हणजे जमिनीवर फिरणारा. आणि दोन्हीकडे जिंकतो तो भूमिगोचरच. व्हान बुइटेनन या संस्कृत पंडिताने 1958 मध्ये भारतीय कथानायकाची मूर्ती विद्याधराच्या साच्यातून पाहावी असे सुचवले, ते या संदर्भात पटते. माणसाने स्वतःच्या कर्तबगारीने जिथवर चढावे असे श्रोत्यांना वाटत होते, त्या जागेचे नाव विद्याधर होते.

पण चढण्याची वाट सोमदेवाने गोड रंगवलेली नाही. जालपाद नावाचा एक कापालिक विद्याधर होण्यासाठी देवदत्त या तरुणाला साधनेत मदतनीस म्हणून घेतो. स्मशानातल्या वडाखाली रोज पूजा, मग झाडातून प्रकट होणारी स्त्री, तिच्याशी देवदत्ताचे लग्न, आणि ती गरोदर राहिल्यावर तिचा गर्भ आणून दे ही मागणी. गर्भ शिजवला जातो. देवदत्ताला बळी ठेवायला पाठवून जालपाद एकटाच सगळे खातो आणि आकाशात उडून जातो. कष्ट एकाचे, पदवी दुसऱ्याची. देवदत्त वेताळाला वश करून त्याच्या पाठीमागे विद्याधरलोकात पोचतो. जालपाद रत्नजडित आसनावर बसलेला सापडतो, आणि याला पाहताच भीतीने त्याच्या हातातली तलवार गळून पडते. त्याला मारायचे नाही, जमिनीवर नेऊन सोडायचे, एवढेच देवदत्त वेताळाला सांगतो.

विद्याधरांत सर्वांत पूज्य ठरला तो मात्र एकही विद्या न वापरता. राजपुत्र जीमूतवाहनाने घरचा कल्पवृक्ष जगाचे दारिद्र्य हटवण्यासाठी देऊन टाकला आणि शंखचूड नागाच्या जागी स्वतः वध्यशिलेवर बसून गरुडाला आपले अंग खाऊ दिले. हर्षाचे ‘नागानंद’ नाटक त्याच्यावरच आहे. कोकणात आणि कोल्हापुरात आठव्या ते तेराव्या शतकांत राज्य करणाऱ्या शिलाहारांनी आपला मूळपुरुष म्हणून याच जीमूतवाहनाला निवडले. ठाण्याची शाखा असो, दक्षिण कोकणची असो की कोल्हापूरची, ताम्रपटांत विद्याधरवंश आणि तगरपूरचे, म्हणजे आजच्या तेरचे स्वामित्व ही बिरुदे येतात. वा. वि. मिराशींनी 1977 मध्ये या सगळ्या लेखांचा जाडजूड खंड प्रसिद्ध केला, त्यात हे पानोपानी वाचायला मिळते. गंमत अशी की याच राजांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड होता. पूर्वजाला ज्याने खाल्ले तोच निशाणावर! कथेत गैरवागणुकीने जाणारे आणि कष्टाने मिळणारे विद्याधरपण ताम्रपटात आले तेव्हा जन्माने मिळणारी आणि न जाणारी चीज होऊन बसले. अंबरनाथचे शिवालय ज्या शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळचे, इ. स. 1060 चे, त्याने कोणती विद्या साधली होती असे कोणी विचारले नसणार.

या साऱ्या साहित्याचा उगम जिथे सांगितला जातो ते ठिकाणही आपल्याकडचेच, पैठण. सोमदेवाच्या प्रस्तावनेनुसार शिवाने पार्वतीला 7 विद्याधर चक्रवर्तींच्या कथा सांगितल्या. त्या चोरून ऐकणाऱ्या गणाला आणि त्याची रदबदली करणाऱ्याला शाप मिळाला. त्यांतला दुसरा प्रतिष्ठानात गुणाढ्य म्हणून जन्मला आणि सातवाहन राजाच्या दरबारी पंडित झाला. राजाला व्याकरण शिकवण्यावरून दरबारात पैज लागली. गुणाढ्य म्हणाला 6 वर्षे लागतील. शर्ववर्मा म्हणाला 6 महिने पुरतील. शर्ववर्म्याने कातंत्र व्याकरणाच्या बळावर ते करून दाखवले. पैजेप्रमाणे गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा तिन्ही सोडल्या आणि तो विंध्याच्या रानात गेला. तिथे पिशाचांच्या भाषेत, शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने, त्याने 7 लाख श्लोक लिहिले. दोघे शिष्य बाड घेऊन दरबारात गेले. नव्यानेच व्याकरण शिकलेल्या राजाने भाषा ऐकली, रक्त पाहिले आणि तोंड फिरवले.

गुणाढ्याने टेकडीवर अग्निकुंड पेटवले. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचे आणि आगीत टाकायचे. हरणे, डुकरे चरायचे विसरून ऐकत बसली. इकडे राजाच्या ताटातले मांस कोरडे पडू लागले, तेव्हा कुठे चौकशी झाली. राजा धावत आला तोवर 6 लाख श्लोक जळाले होते. उरला तो एक लाख, तोही शिष्यांना आवडत होता म्हणून बाजूला ठेवलेला: नरवाहनदत्ताची कथा. सातांपैकी सहा चक्रवर्ती गेले आणि मागे राहिला तो माणसांच्या पोटी जन्मलेला.

तो मूळ एक लाखही आज कोणाच्या हाती नाही. आहेत ती उत्तरकालीन रूपे: सोमदेवाचे, क्षेमेंद्राची ‘बृहत्कथामंजरी’, आणि नेपाळात सापडलेला बुधस्वामीचा ‘बृहत्कथाश्लोकसंग्रह’. जैन वसुदेवहिंडी हीसुद्धा त्याच झाडाची फांदी आहे, कृष्णाच्या बापाला नरवाहनदत्ताच्या जागी बसवलेली, हे लुडविग आल्सडोर्फ या जर्मन पंडिताने 1935 मध्ये दाखवले. तेव्हापासून ही चारही रूपे शेजारी ठेवून मूळ ग्रंथाचा अंदाज बांधायचे काम चालू आहे. मुळाच्या बाजाला अधिक जवळचा म्हणून पुष्कळ अभ्यासक बुधस्वामीकडे झुकतात, पण त्याचा ग्रंथ 28 सर्गांवर तुटतो. नरवाहनदत्ताच्या 26 बायकांपैकी जेमतेम काहींच्या हकीकती झालेल्या असतात, आणि चक्रवर्तीपद त्याने कसे मिळवले हे सांगण्याची वेळ अजून आलेलीच नसते.